विमानाचा हार

पंचवटीत दसऱ्याचे हार विकून गोजराबाई नवऱ्याच्या औषधासाठी दवाखान्यात येऊन बसली होती. शेजारच्या बाकावर बहीणभाऊ होते. आत बहिणीच्या मुलीचं ऑपरेशन चाललं होतं.

“शिकवायला शेजारी बसून सोळा वर्षांच्या पोरीच्या हातात विमान दिलं दाजींनी. स्वतः जीवानिशी गेले, आणि ही अशी.”

“गेलेल्या माणसाला बोलू नकोस, दादा.”

“मग कुणाला बोलू? दीपाला?”

“आत नेताना ती म्हणाली, वेगाचा काटाच हलत नव्हता. वेग कमी पडला असं वाटून तिनं विमानाचं नाक खाली दाबलं, आणि ते जमिनीवर आदळलं.”

“काटा का हलला नाही?”

“पंखाखाली बारीक नळी असते. तिच्यात वारा शिरला की काटा हलतो. मेकॅनिकला तिच्यात झेंडूच्या पाकळ्या सापडल्या.”

“पूजेचा हार काढला नव्हता?”

“काढला ना. मीच ओढून काढला. त्या नळीला बांधलाही मीच होता.”

“हे कुणाजवळ बोलू नकोस, मोहिनी.”

“शुद्धीवर आली की विचारेल, आई, माझं काय चुकलं?”

“सांग, पप्पांचं चुकलं.”

“ते तर तू मघापासून सांगतोयसच.”

गोजराबाईनं झेंडूच्या पाकळ्या चिकटलेली आपली रिकामी पाटी पायानं हळूच बाकाखाली सरकवली.