दोघांनी खोडलेलं कॉलेज

मंडळी, आज एक साधा प्रश्न घेऊन उभा आहे. स्वस्त कशाला म्हणायचं? — हसू नका! बाजारात रोज विचारता की नाही? पण ज्याची किंमत दुसऱ्याने गुपचूप भरली, ते स्वस्त म्हणायचं का? उत्तर मला येतंच असं नाही. गोष्ट येते. ऐका, आणि चुकलो तर सांभाळून घ्या.

डहाणूकडच्या एका गावात दामोदर चुरी म्हणून चिकूचे बागायतदार. बायको देवाघरी गेलेली. घरात दोघंच — बाप आणि लेक हेमांगी. पोरगी बारावी झाली, आणि डोक्यात काय? अणुअभियांत्रिकी! अणूच्या पोटातल्या उष्णतेवर वीज करायची, ती कशी, ते शिकायचं. मी पुस्तकात दोनदा वाचलं, मंडळी, धड कळलेलं नाही. कुणाला कळत असेल तर मागाहून सांगा — आत्ता नको, माझी लय जाईल!

आता ही पदवी काही गल्लोगल्ली मिळत नाही. हेमांगीने तीन ठिकाणं शोधली. एक मुंबईजवळचं खासगी — सगळं उत्तम, आणि फी अशी की मागची वाडी विकावी! दुसरं सरकारी विद्यापीठ. फी थोडी, शिष्यवृत्तीही मिळणारी. पण थेट दुसऱ्या राज्यात, गाडीने दीड दिवस. आणि तिसरं शेजारच्याच जिल्ह्यात, नवंकोरं. फी सगळ्यांत कमी, आणि माहितीपत्रकावर हा एवढा अणुभट्टीचा फोटो!

"बाबा, हे तिसरंच बरं," पोरगी म्हणाली. "शिकवतात सगळीकडे सारखंच."

बाप "बरं" म्हणाला. पण माणूस चिकूवाला! चिकू वरून सगळेच तपकिरी. तयार झालाय का, कसं ओळखायचं? नखाने जरासं खरवडायचं. आत हिरवं दिसलं — राहू दे झाडावर. पिवळसर दिसलं — उतरव. हिरवाच उतरवलात, तर तो नीट पिकत नाही, चिवट राहतो. पण मंडळी, कॉलेजला नख लावायचं कुठे?

दामोदर लेकीला न सांगता एसटीने निघाले. त्या नव्या कॉलेजात गेले, कार्यालयातल्या माणसाला म्हणाले, "पोरं जिथे हाताने काम करतात, ती खोली दाखवा."

"प्रयोगशाळा? कुलूप आहे, काका. किल्ली सरांकडे."

"मग सरांना बोलवा."

"सर अजून यायचेत."

"थांबतो की. चहा घेऊन येतो."

"तसं नाही, काका... त्यांची अजून नेमणूक व्हायचीय!"

हसलात ना? दामोदर नाही हसले. कारण तो माणूस पुढे म्हणाला, "मागच्या आठवड्यात एक मुलगी आली होती, तिनेही हेच विचारलं. चुरी नाव होतं. जाताना चिकू देऊन गेली — गोड होते हो!"

म्हणजे पोरीने आधीच नख लावलं होतं! हिरवं दिसलं होतं! आणि घरी येऊन सांगितलं, सगळीकडे सारखंच.

दामोदर घरी आले. हेमांगी ओट्यावर चिकू निवडत होती.

"बाय, कच्चं आहे हे कळूनही उतरवायला निघालीस?"

पोरीचे हात थांबले. "तुम्ही गेला होतात?"

"गेलो होतो. मला फसवलंस."

"आणि तुम्ही? मागची वाडी विकायला टेप घेऊन मोजत होता तो कोण? पाहुणा? आईने लावलेली झाडं आहेत ती, बाबा!"

आता बापाची मान खाली. मंडळी, प्रेम भांडायला लागलं की कुणाची बाजू घ्यायची, मला कधीच कळत नाही.

ओट्यावरचा एक चिकू उचलून दामोदर म्हणाले, "ते लांबचं सरकारी... ते का सोडलंस?"

"तुम्ही एकटे पडाल. रात्री-अपरात्री दुखलं-खुपलं तर?"

"हात् वेडे! मी तुझ्यापाशी त्याचं नावसुद्धा काढलं नाही. म्हटलं, आई नसलेली पोर, परक्या भाषेत रडेल कुणाजवळ?"

बघा! त्यातल्या त्यात परवडणारं, आणि खरं शिकवणारं — ते दोघांनी खोडलं होतं. एकमेकांसाठी. आणि एकमेकांना न विचारता!

मग तिथल्या एका मराठी विद्यार्थ्याचा नंबर मिळवला. दामोदरांनी फोनवरच नख लावलं.

"काय रे बाबा, प्रयोगशाळा उघडी असते का?"

"उघडी? काका, सर बाहेर पडू देत नाहीत! मेसची आमटी म्हणजे नुसतं पाणी, पण शिकवतात मनापासून."

दामोदरांनी फोन ठेवला. "आमटी वाईट आहे म्हणाला. म्हणजे पोरगं खरं बोलतंय."

"पण बाबा, दीड दिवसाचा प्रवास..."

"आपला चिकू दिल्लीला जातोच ना? पिकलेलं फळ इथल्या इथे विकायचं. लांब पाठवायचं ते तयार, पण घट्ट फळ. तू घट्ट आहेस. आणि मी काय, नासणार आहे का लगेच?"

पोरगी हसली, आणि रडलीही. गेली, मंडळी. वाडी राहिली. बाप रोज एकटा जेवतो — ही किंमत आहेच, ती मी लपवत नाही. पण ती दोघांनी ठरवून, एकमेकांच्या डोळ्यांत बघून भरली.

मी सुरुवातीला विचारलं, स्वस्त कशाला म्हणायचं. आता मला विचारू नका. घरी जा. ताटावर बसलात की आधी सांगा, मुलांसाठी तुम्ही मनातल्या मनात काय खोडलंत. आणि मग पोराला, पोरीला विचारा — तू माझ्यासाठी काय खोडलंस? उत्तर येईपर्यंत घास उचलू नका. तोवर, पेटीवाले, जरा सूर धरा. नाम घेऊ या.