परड्यातल्या मातीची भूक

...आन् वर मलाच म्हनतो कसा, "पुतळाबाई, जरा बाजूनं चाला!" घर माझं, घरामागचं परडं माझं, आन् मी बाजूनं चालू? आता तुमीच सांगा बायांनो, असं असतंय व्हय?

कोन म्हंजे? लक्ष्मणराव की, पुण्याच्या शेतकी कॉलेजातला! सारं चाकण पालथं घातलं, मूठमूठ माती हुंगली, आन् थांबला कुठं, तर माझ्या परड्यात. माझा ल्योक गेनू पिंपरीला औषधाच्या कारखान्यात लागला, बायकापोरं घेऊन तिकडंच ऱ्हायला, तवाधरनं परड्यात कुनी फिरकलं न्हाई. ह्येला नेमकी तीच माती पायजे! म्हनला, "शेणाच्या खड्ड्यात बुडबुडे येतात ना, तो वायू ही माती खाते. किती खाते, ते मोजायचंय." म्हनलं लेकरा, मानसाला कुनी जेवलीस का इचारीना, आन् तू मातीचं जेवन मोजतोस!

तर रोज सायकलीवर यायचा. मातीवर पत्र्याचा डबा पालथा घालायचा, नळीनं आत वायू सोडायचा, मागनं थोडा काढून बघायचा, उरला किती. तवर बसायचा चुलीपाशी. मी च्या टाकायची, बोलायची... बोलायची कसली, तोंडाचा पट्टाच! शेजारची शालन कुडावरनं, "पुतळाक्का, डब्याखाली काय पुरलंय गं? सोनं?" म्हनलं, न्हाई गं, बोलाय मानूस उगवलाय!

मातीनं आधी लई वायू खाल्ला. लक्ष्मणराव नाचायचाच ऱ्हायला! मग मी सोडतीय व्हय? "लेकरा, शेवग्याखाली बघ... गोठ्यामागं बघ..." एक कोपरा झाला की दुसरा. आता तुमीच सांगा, माझं काय चुकलं?

काल तोंड पाडून म्हनला, "मातीची भूक मंदावली. वर्दळीनं दबली, आत हवा जाईना."

वर्दळ! माझ्या परड्यात! त्यो एक, मी एक, आन् कुडावरची शालन!

"मग उपाय?"

"माणसांनी लांब राहायचं. मीसुद्धा येणार नाही आता."

डबे सायकलीला बांधून गेला बी. च्या दोघांचा टाकलेला... दोन्ही कप मीच प्याले.

अवं, उठलासा? इतक्यात? ...बरं, जावा. स्वयपाक असतील तुमचं. पन रस्त्यानं नगं, परड्यातनं जावा गं... तेवढीच वर्दळ!