कोटातला हात

...आणि 'अपंगत्व स्पष्ट दिसेल असा फोटो' म्हणून फॉर्मात छापलंय मेल्यांनी, पण ते फोटोवाल्याला सांगायचं कोणी? आमच्या भागोजीने? तुम्हाला सांगतो, हा भागोजी पूर्णगडच्या अलीकडच्या वाडीतला. तीन वर्षांमागे मुंबईत मशीनीत उजवा हात कोपरापासून गेला, मालकाने गाडीभाडं देऊन गावी धाडला, आणि आता बायको हौसा लोकांच्या शेतात राबते तेव्हा चूल पेटते. निराधारांचा सरकारी पगार चालू झाला तर बिचारीला जरा पाठ टेकता येईल, एवढंच मागणं हो! आणि शेवटची तारीख वीस!

सोळाला हा रत्नागिरीत श्रीपतीच्या स्टुडिओत. श्रीपतीचा धंदा काय, तर लग्नाच्या मुलामुलींचे फोटो! तिरळ्याला बाजूने काढायचं, बुटकीला पाटावर उभी करायची... आणि तो काळा कोट, अर्ध्या तालुक्याने घातलेला! "हात होय? काळजीच सोडा!" म्हणत त्याने भागोजीला कोट चढवला, रिकाम्या बाहीत वर्तमानपत्रं कोंबली, टोक खिशात खोचलं, "हनुवटी वर... हसा!" खटॅक! भागोजीला वाटलं, सरकारात जायचंय, नीटनेटकं दिसलेलं बरं. हसला हो तो!

अठराला फोटो आला. हौसा बघतच राहिली. "अगो बाय, तुमचा हात..." म्हणाली आणि रडायलाच लागली, तीन वर्षांनी नवरा धड दिसला ना! भागोजीला मात्र फॉर्मातली ती ओळ आठवली. "रडतंस काय? ह्यो चालंल काय तां सांग!" तिला काय ठाऊक? दुसरा काढावा तर धुवायला पुन्हा दोन दिवस, आणि शेवटची तारीख वीस! डकवला तोच.

एकोणीसला कचेरी. क्लार्कने आधी धाडकन आवकचा शिक्का मारला आणि मग चष्मा लावला. आधी शिक्का, मग चष्मा, बघा!

"हात आहे की!"

"पेपर हायत साहेब, बाहीत."

"दाखल्यात हात नाही, फोटोत आहे. खोटं कोण, डॉक्टर का फोटो?"

भागोजीने सदऱ्याची बाही सारून थोटा हात टेबलावरच ठेवला. क्लार्क म्हणतो, "ते झालं प्रत्यक्ष. फाईल फोटोवर चालते!"

पळाला हा श्रीपतीकडे, थोटा हात दिसेल असा फोटो मागायला. श्रीपती म्हणतो, "असला फोटो माझ्या दुकानातून? नाव जाईल माझं!" भागोजी पाया पडला, तेव्हा कुठे त्याने उघड्या अंगाचा काढला, रातोरात धुतला, आणि वीसला, शेवटच्या तारखेला हो, ओलाच फोटो फुंकत भागोजी धापा टाकत हजर! क्लार्कने दोन्ही फोटो शेजारी धरले.

"हा कोण?"

"मी."

"आणि हा कोटवाला?"

"तोबी मीच! काढून टाका ना त्याला, साहेब..."

"शिक्का बसलेला कागद सुटत नाही. दोन्ही माणसं एकच का, याची चौकशी लागेल. मग कमिटीची पुढची मीटिंग."

तेव्हा मात्र आमचा गरीब भागोजी तडकला. "साहेब, माझा अख्खा हात मशीनीतनं एका झटक्यात सुटला, आणि तुमच्या फायलीतनं एक फोटो सुटत नाय?"

क्लार्कने मानसुद्धा वर केली नाही. "अहो, ती मशीन खाजगी होती. हे सरकार आहे."

तेही खरंच, म्हणाला भागोजी. आणि पुढची तारीख विचारून घेतली.