न कापलेली घडी

मावशी : हातमोजे कशाला? माझे हात काय मळलेत?

मुलगी : तसं नाही गं, मावशी. ही शेवटची प्रत. उद्या संग्रहालयाची माणसं न्यायला येणार आहेत.

मावशी : बारा पुस्तकं हातानं केलीस आणि मला दाखवतेयस बारावं. तेही तुझ्या आत्याचा फोन आला म्हणून मी आले, तेव्हा.

मुलगी : काय म्हणाली आत्या?

मावशी : म्हणाली, वहिनी, ती सावत्र आईनं जंगलात सोडलेल्या पोरांची गोष्ट आहे. फक्त जंगलाच्या जागी बसस्टँड आहे आणि सावत्र आईच्या हातात तुमची लाल पर्स आहे.

मुलगी : तिला नसत्या चौकशा.

मावशी : आणि हे वरचं पिवळं कापड? मी शिवलेला फ्रॉक ना हा?

मुलगी : हो. त्या दिवशी अंगात होता तो. बारा तुकडे निघाले कसेबसे.

मावशी : सोडून गेले होते मी, नाही म्हणत नाही. तुझ्या बाबांची दुसरी बायको मी, आणि दिवसभर तुझं एकच, तू माझी आई नाहीस, तू माझी आई नाहीस. डोकं फिरलं, चढले बसमध्ये. पण तिसऱ्या थांब्यावर उतरून धावत आले की नाही? ते कुठाय?

मुलगी : आहे. ही शेवटच्या पानाची घडी बघ, कड मुद्दाम बंद ठेवलीय. वाचणाऱ्यानं सुरीनं कापायची. आत तू धावत येतेस. चप्पल तुटलेली, पदर लोळतोय. महिना लागला मला ते चित्र काढायला.

मावशी : अकरा विकली गेली ना? किती जणांनी कापली?

मुलगी : चहा टाकू का?

मावशी : मी काहीतरी विचारलं.

मुलगी : कुणीच नाही. कापलं की पुस्तकाची किंमत जाते म्हणतात. काचेच्या कपाटात ठेवतात.

मावशी : म्हणजे अकरा घरांत मी तुला टाकूनच गेलेय.

मुलगी : मला वाटलं होतं, लोकांना राहवणार नाही.

मावशी : उघड दाखवायला काय धाड भरली होती?

मुलगी : तासभर त्या बाकड्यावर बसले होते मी, मावशी. तू आलीस हे पहिल्यापासून दिसलं असतं, तर तो तास कुणाला कळला असता?

(मावशी हातमोजे काढून टेबलावर ठेवते.)

मुलगी : ही घे सुरी. काप. त्यांना मी सांगेन काहीतरी.

मावशी : राहू दे. आत काय आहे ते मला ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्या घरी मी सुरी घेऊन कुठे जाऊ?