फुगलेला कंडेन्सर

—न्हाई न्हाई, हलवू नको शहादेव, ठिव तसाच. गुणगुण येतीय म्हणतोस ना? ऐकतो की मी. बारक्या डब्यांतून कीर्तनकाराचा आवाज साफ येतोय, आन् ह्या मोठ्या डब्यातून, सबवूफरमधून, नुसती गुर्रर. पखवाज गायब. आता बघ, ही मागची पिन काढली, टीव्हीचा संबंध तुटला. गेली का गुणगुण? न्हाई गेली. म्हंजे वायर चांगली, टीव्ही चांगला — दुखणं ह्याच्या पोटात हाय. चार स्क्रू काढू. बस की. च्या सांगू? बरं, नको तर नको.

एवढं कीर्तन कोण ऐकतं घरी? आई?... व्हय, जानकीमावशी दुसरं काय करणार दिवसभर. पखवाज ऐकू येईना म्हणती? हात कसे हायती तिचे? बोटं सुटलीच न्हाईत का मग... मोबाइलचा उजेड धर इकडं. हे बघ, काळं नळकांडं, सेलावानी — कंडेन्सर. डोकं सपाट पाहिजे, ह्याचं फुगलंय भाकरीवानी. हे फुगलं की गुणगुण. कधीकधी दहा मिनिटं झकास चालतं, तापलं की गुर्रर. तेवढ्यात गिऱ्हाइकाला वाटतं, झालं दुरुस्त. फसवायला लई सोपं — न्हाई रे, तुला कावून फसवीन? तसं न्हाई म्हणलो मी.

छावणीच्या साली आलतं असंच एक. दुष्काळात दूध संस्थेनं जनावरांची छावणी टाकलती ना तुमच्या शिवारात, लिंबावर भोंगा — टँकर आला की आश्रुबा सेक्रेटरी माइकवर वरडायचा — त्या भोंग्याचं मशीन. हेच दुखणं. दुकानात नवा कंडेन्सर एकच व्हता, आन् त्याच सकाळी चेअरमनसायबाचं होम थेटर आलं, घरात पोरीची हळद, आजच पाहिजे म्हणले. नवा त्यात घातला. भोंग्याच्या मशीनला फुगलेलाच ठिवला, वरून पुसलं, आश्रुबाला वाजवून दाखवलं. दहा मिनिटं. खूश झाला गडी. दोन दिसांत नवा आणून बसवू — अल्लाकसम, मनात व्हतं माझ्या. पण त्याला सांगितलं का? न्हाई सांगितलं. 'चालंल आरामात' म्हणलो.

दुसऱ्याच दिवशी भरदुपारी कडब्याची गंज पेटली. तू तवा बीडला गेलतास. माणसं पार बांधाकडच्या झाडाखाली निजलेली, मावशी दावणीच्या पल्याड. आश्रुबा माइकवर वरडत व्हता रे, गळा फाडून वरडत व्हता — भोंग्यातनं नुसती गुर्रर. लोक म्हणले, वरडलाच न्हाई, दारू पिऊन पडलता. मावशी जागी झाली तवर जाळ दावणीला भिडला व्हता. तरी तिनं दावी सोडली, पेटलेली दावी, हातानं. पाच जनावरं वाचली.

आन् तू आश्रुबाला मारलंस. संस्थेच्या दारात, सगळ्यांपुढं. मी तिथंच व्हतो. तो सारखा म्हणत व्हता, मशीन बिघडलं, मशीन बिघडलं — चेअरमननी मला विचारलं, "मकसूद, मशीन तर तूच दिलं ना दुरुस्त करून?" मी म्हणलो, "चांगलं करून दिलतं." तीन शब्द. संस्थेनं काढला त्याला. पायजम्याला डाग पडू न देणारा माणूस, बायकोसंगं ऊसतोडीला गेला. त्याच्या हातात कोयता — बघवत न्हाई, शहादेव. मी बघितलाय. तोंड फिरवलं मी.

असा कावून बघतोस?... व्हय. मीच. मला सांगायचं नव्हतंच हे. नवा बसवायचा, डबा तुझ्या हातात द्यायचा आन् मोकळं व्हायचं, असं ठरवलतं मी. पण मावशीला पखवाज ऐकू येईना म्हणलास — कसं गप बसू?

बसला बघ नवा. खराखुरा नवा, हे पाकीट बघ वाटलं तर. पिन परत लावली, ऐक... पखवाज वाजतोय ना? वाजतोय. पुरा अर्धा तास वाजू दे, तापू दे, मग — बरं, कर बंद.

मावशीला तू काय बोलू नको. माझं मी सांगतो. आन् आश्रुबाला कुठनं तरी हुडकून आणतो, संस्थेच्या त्याच दारात उभा ऱ्हातो. मग गावानं मला काय करायचं ते करावं. तुझ्या गाडीवर मागं बसू? न्हाई? व्हय, खरंय, मला कावून बसवशील. मी येतो एसटीनं. मारायचं आसंल तर मार की, आत्ता मार, दुकानात कुणी न्हाई... उठलास? आरं, डबा तरी घिऊन —

जा. जा बाबा. मावशीकडं जायला पाचची नेकनूर एसटी गाठायचीय, मला दुकान बंद करू दे.