सगळ्या नंबरांना एकच

— नाही हो दादा, पान्यांचा पूर्ण सेट नकोच आहे, सेट आहे की आमच्याकडे, तुमच्याच दुकानातला — मला तो एकटा दाखवा, काचेतला, ज्याच्यात नुसत्या पिना पिना आहेत. हां, हाच. युनिव्हर्सल सॉकेट. कुठल्याही नटावर दाबला की आपोआप बसतो म्हणे — बघू दाबून? — अगं बाई, बसला की खरंच! माझ्या बोटाचा आकार घेतला बघा याने. लोखंडी ब्रशच आहे नुसता. द्या, एक द्या बांधून. — कशाला म्हणजे? घरच्यालाच. कपाटाचे नट, नातवाची सायकल, असलं काहीबाही. तुम्हाला काय करायचंय, तुम्ही विका ना.

हो, ते माहितेय मला. जोर लावला की पिना सरकतात, नटाचे कोपरे जातात, आणि एकदा गुळगुळीत झालेला नट बापजन्मात निघत नाही. अडचणीच्या जागी हा शिरतही नाही, एवढा जाड आहे. मला नका शिकवू दादा — मिस्त्रीची बायको आहे मी. ते गाडीखाली, मी बाहेर उकिडवी, ते म्हणणार 'बारा', मी देणार बारा, जन्म गेला त्यात. एकदा एक फिरता विक्रेता हेच घेऊन गॅरेजवर आला होता, तर आमच्या ह्यांनी त्याला असा पिटाळला — म्हणाले, ज्याला नट बघून नंबर कळत नाही त्याने दुसरा धंदा बघावा! आणि ह्यांना कळायचा हो. लांबून कळायचा. 'नंबरवाले' म्हणूनच तर सगळे ओळखतात त्यांना. लग्न ठरलं तेव्हा माझ्या बोटाकडे नुसतं बघून सोनाराला अंगठीचं माप सांगितलं होतं, आणि बसली की बरोब्बर. आता निघत नाही ती, पण ते मी जाडी झाले म्हणून — हसू नका.

कळायचा म्हणाले का मी? कळतो. कळतो म्हणायचं होतं मला.

असं बघू नका हो. — बरं, ऐका. पण इथल्या इथे ठेवा, गल्लीत नको. घरचं कपाट-बिपाट काही नाही, गॅरेजलाच पाहिजे. आताशा त्यांचे आकडे इकडचे तिकडे होतात. सतरा पाहिजे असतो, तोंडातून तेरा येतो. पहिल्यांदा वाटलं, वय झालं, दमलेत. मग मी युक्ती केली — ते काहीही म्हणोत, मी वाकून नट बघायचा आणि लागणारा सॉकेट हातात ठेवायचा. त्यांना पत्ताच नाही. पण गाडीखालचा नट मला कसा दिसणार? परवा म्हणाले, 'अगं, तो मंगळवार दे.' मी म्हटलं, काय? 'मंगळवार गं, मंगळवार!' मला हसूच आलं, तेही हसले, आणि मग हसता हसता थांबले — त्यांचा तो चेहरा, दादा, मी कधी बघितला नव्हता. मग मी पेटीतले सगळे एकेक करून देत सुटले, हा का, हा का, आणि बाहेर गिऱ्हाईक उभं.

गिऱ्हाइकापुढे तर काय, वस्सकन अंगावर येतात. 'एवढी वर्षं झाली, तुला साधे आकडे कळत नाहीत?' मी म्हणते, चुकलं माझं, डोकं ठिकाणावर नाही आज. दर वेळी हेच. आता सगळ्यांना वाटतं, मिस्त्री देवमाणूस आणि बायको बिनडोक. वाटू दे. माझं काय जातंय? त्यांच्या नावावर गाड्या येतात, माझ्या नाही. हात अजून शाबूत आहेत हो त्यांचे, इंजिनचा आवाज ऐकून दुखणं ओळखतात, नुसते आकडेच पळालेत. — नेलं की डॉक्टरकडे. गोळ्या दिल्यात. म्हणाले, थोपवता येईल तेवढं थोपवायचं. लेक म्हणते, बंद करा गॅरेज. बंद करून बसवू कुठे त्यांना, भिंतीकडे तोंड करून? म्हणून म्हटलं, हा एकच घ्यावा. नंबर विचारायला नको, चुकायला नको. मोठा जोर लागेल तिथे मी बघेन काहीतरी — नाही, नाही बघता येणार, माहितेय मला, चाकाचा नट याने नाही आवळता येत, उद्या कोणाचं चाक निघालं म्हणजे? मग मी काय करू, दादा? तुम्ही सांगा. तुम्ही नुसतं 'नका घेऊ' म्हणताय, काय करू ते कोणीच सांगत नाही.

काय झालं? बोला ना. — कोण? आमचे हे? इथे आले होते? — हाच? हाच नेला? शक्यच नाही, ते याला हात लावणार नाहीत. — कधी? — आणि परत? म्हणजे दोनदा... तीनदा? मला तर घरात एकही दिसला नाही. कुठे ठेवले असतील... ठेवून विसरले असतील. पण तुम्ही तरी कसे — काय म्हणाले? नाही, सांगा, स्पष्ट सांगा.

माझ्यासाठी?

'बायकोला आताशा आकडे लक्षात राहत नाहीत' — असं म्हणाले? आणखी? — 'मी उगाच ओरडतो तिच्यावर, रडत असेल ती.' — आणि तुम्हाला सांगितलं, तिला कळू देऊ नका. तीनही वेळा. तेच.

नाही, पाणी नको. काही नको.

खरंच वाटतंय हो त्यांना. मी इतकं 'चुकलं माझं' म्हणत राहिले, की त्यांना खरं वाटलं. माझी काळजी करतायत ते. एकटेच चालत येतात इथवर, माझ्यासाठी.

हा ठेवा आत. नको मला. ते परत आले की त्यांना द्या — पहिल्यांदाच आलेत असं समजून द्या, कसा लावायचा तेही दाखवा, आणि तोंडातून एक शब्द काढू नका. आणि माझी चौकशी केली, तर म्हणा, आली होती. बारा मागितला आणि चौदा घेऊन गेली, म्हणा.

बघा तुमच्या गिऱ्हाइकाकडे, कधीचं खोळंबलंय बिचारं. येते मी.