पोळ्याची चाल

रघुनाथराव : पेन्शन बंद झाली म्हनून मलेच धरून राहिला का गा तू? राज्य नवं, साहेब नवे. नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं, आपन इकडे भोपाळच्या राज्यात. कागदाचा घोळ असन कुठंतरी.

गुणवंता : घोळ नाही, दादा. सौंसरले तहसीलीत जाऊन आलो मी. बाबूनं वाचून दाखवलं. गुणवंता धडधाकट आहे, वावर वाहते, पोळ्याले बैलजोडी धरून गावभर चालला. खाली सख्ख्या भावाची सही.

केसरबाई : अवो, त्यायले इचारा, जंगलखात्याची नाकेदारी करता करता सागाचा ओंडका कोनाच्या कमरेवर पडला होता?

(केसरबाई भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, थेट बोलत नाही, दाराआडून नवऱ्याला सांगते.)

रघुनाथराव : मले मालूम नाही का? पन तो पेन्शनीचा तपासनीवाला आला कवा? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीले! सारं गाव नदीवर गोटे मारायले, अन् माह्या ओट्यावर मोहगावचे पाहुणे. माह्या रजनीची सोयरीक जुळतच होती. अन् तो त्यायच्या तोंडासमोर इचारते, तुमचा भाऊ लुळा आहे काय? काय सांगू मी?

गुणवंता : खरं.

रघुनाथराव : मंग उठूनच गेले असते ते. घरात लुळं मानूस आहे, पोरीच्या रक्तात काय असन, असंच म्हनतात लोक.

गुणवंता : सागाचं लाकूड रक्तात उतरत नाही, दादा.

रघुनाथराव : हे तू मले सांगतो. त्यायले कोन सांगन? आदल्याच दिवशी त्यायनं तुले पाह्यलं होतं. कसा ताठ चालून राहिला होता! मले तर भरून आलं होतं.

गुणवंता : ते जोडी धरायले मले लावलं कोनं? तूच ना? पाहुणे पाह्यतीन, एक दिवस सरळ चाल म्हने. म्हनून गाडी धरून नागपूरले गेलो, डॉक्टरच्या हातापाया पडलो, महिन्याची सुई आधीच टोचून घेतली कमरेत. पेन्शनीतूनच घेतो मी ते सुई. तिच्यापायी थोडे दिवस मानसासारखा राहतो. ते दिवस तुह्या पाहुण्यायले देले. अन् तू त्याच चालीची साक्ष देली!

केसरबाई : अन् घरी आल्यावर खाटेवर कसे पडले तेबी सांगा त्यायले.

गुणवंता : राहू दे.

रघुनाथराव : हे पाय, सुईचा खर्च मी करतो. लग्न होईपर्यंत तुले कायची कमी पडू देनार नाही. मंग पुढचं पुढं पाहू.

केसरबाई : भाऊजी, आता मीच बोलतो तुमच्याशी.

रघुनाथराव : केसर...

केसरबाई : राती त्यायले कूस बदलवता येत नाही. मी उचलतो तवा वळतात. दात घट्ट दाबून धरतात, लेकरं उठू नये म्हनून. पेन्शन होती तर सुई होती, सुई होती तर चार घटका झोप होती. तुमचा खर्च म्हनजे दर महिन्याले तुमच्या दारात उभं राहनं. पेन्शन त्यायची सोताची होती. उद्या सौंसरले चला, साहेबासमोर खरं सांगा. बस.

रघुनाथराव : ते नाही होत.

केसरबाई : काहून नाही होत?

रघुनाथराव : माह्या सहीखाली नवरदेवाच्या बापाची सही आहे. तपासनीवाल्यानं पंच म्हनून त्यालेच धरलं. मी फिरलो तर तो खोटा पडते. हळद लागायच्या आधी पोरगी घरात बसन.

गुणवंता : म्हनजे तू फिरत नाही.

रघुनाथराव : फिरता येत नाही, गुणवंता. समजून घे ना.

गुणवंता : मी तहसीलीत भांडलो त्या बाबूशी. माहा भाऊ असं सांगूच शकत नाही म्हनलो, दुसराच कोनी असन. चार लोक जमा झाले. मंग त्यानं सही दाखवली. लै लाज वाटली मले. तुही नाही, माहीच. येवढ्या जोरानं बोललो होतो मी.

रघुनाथराव : रजनी तुहीबी पोरगीच आहे गा. तुह्याच खांद्यावर वाढली.

गुणवंता : म्हनूनच तर चाललो पोळ्याले. तिच्यावर राग नाही माहा.

रघुनाथराव : माह्यावर आहे ना? मंग बोल ना, शिव्या दे.

गुणवंता : बोलून काय होते? कंबर तर माहीच आहे.

रघुनाथराव : बरं... मांडवात तर येशीन ना? मोहगाववाले पयले तुलेच पाह्यतीन. काका कुठं आहे, बैलजोडीवाला, असंच इचारतीन.

गुणवंता : येईन ना. रजनीच्या लग्नाले नाही येनार का?

रघुनाथराव : देवासारखा बोलला. मंग आधी मी सुईचे पैसे पाठवून देतो. नागपूरले जाऊन ये आरामात.

गुणवंता : नको पाठवू, दादा. सुई न घेता येईन.